इस्लामचा शिक्षणविचार स्वतंत्र बुद्धीने कसा अभ्यासावा

मराठीत हुज्जत घालणारे मूल कोणालाच फारसे आवडत नाही; परंतु हा शब्द ज्या अरबी ‘हुज्जा’वरून आला, त्याचा अर्थ पुरावा किंवा प्रमाण असा आहे. ‘तक्रार’ या शब्दाचीही तीच गत झाली. अरबीत तकरार म्हणजे पुनरावृत्ती, आणि भारतातील मदरशांमध्ये विद्यार्थी एकत्र बसून दिवसभराचा धडा एकमेकांना समजावून सांगतात, त्याला आजही तकरार असेच म्हणतात. पुरावा मागणे आणि धड्याची उजळणी करणे या दोन गोष्टी इस्लामी शिक्षणपरंपरेत शेजारी-शेजारी नांदल्या. स्वतंत्र विचार ही जन्मजात मिळालेली मोकळीक नसून या दोहोंतून हळूहळू कमावण्याची क्षमता आहे, असे त्या परंपरेतील काही थोर माणसांनी मानले. ते कसे मानले, आणि त्या विचाराला विरोध करणारे काय म्हणत होते, हे स्वतः वाचून तपासायचे असेल तर अभ्यास कोणत्या क्रमाने करावा, हे येथे सांगितले आहे.

हे मार्गदर्शन चार ते आठ जणांच्या अभ्यासवर्गासाठी आहे. एकट्यानेही बरेचसे साधेल, परंतु मुनाझरा, म्हणजे नियमबद्ध वाद, एकट्याने होत नाही. अरबी येण्याची अट नाही. कुरआनची मराठी भाषांतरे उपलब्ध आहेत, आणि अकराव्या शतकातील धर्मचिंतक गझाली व चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांचे ग्रंथ उर्दू किंवा इंग्रजीतून वाचता येतात. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास बसल्यास दहा आठवडे पुरतात. वर्गात श्रद्धाळू, साशंक आणि इतर धर्मांचे लोक एकत्र असले तर अधिक चांगले, कारण सगळे एकाच मताचे असले की पुरावा मागण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

प्रश्न नीट मांडून घ्यावा

‘इस्लाम स्वतंत्र विचाराला परवानगी देतो का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते आणि दोन्ही उत्तरांना हवी तेवढी वचने सापडतात. ‘जे तुला ठाऊक नाही त्याच्या मागे जाऊ नकोस, कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब विचारला जाईल’ असे कुरआनच्या सतराव्या अध्यायात म्हटले आहे, आणि दुसऱ्या अध्यायात पूर्वजांनी केले म्हणून आपणही करतो असे म्हणणाऱ्यांना, पूर्वजांना काहीच समजत नसले तरीही का, असा प्रतिप्रश्न आहे. त्याच ग्रंथात आज्ञापालनाचीही आयत आहे. म्हणून प्रश्न असा मांडावा: कोणी, कोणत्या विषयात, किती तयारीनंतर आणि कोणाला उत्तरदायी राहून स्वतःचे मत बनवावे, असे अमुक लेखक म्हणतो? या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक ग्रंथाला याच चार गोष्टी विचाराव्यात.

दोन संज्ञाही सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्याव्यात. इज्तिहाद म्हणजे धर्मस्रोतांतून नियम शोधण्यासाठी जाणकाराने स्वतःची पूर्ण शक्ती पणाला लावणे. तकलीद म्हणजे दुसऱ्याचे मत त्याचे प्रमाण न तपासता स्वीकारणे. इज्तिहाद म्हणजे मनाला येईल ते बोलणे नव्हे, आणि तकलीद म्हणजे प्रत्येक वेळी मूर्खपणाही नव्हे. आजारी माणूस वैद्याचे ऐकतो तेव्हा तो तकलीदच करत असतो.

शब्दांपासून सुरुवात

‘शिक्षण’ या एका मराठी शब्दामागे अरबीत किमान तीन शब्द उभे आहेत. तालीम म्हणजे ज्ञान देणे, तरबियत म्हणजे वाढवणे, जोपासणे, आणि तादीब म्हणजे अदब अंगी बाणवणे. १९७७ मध्ये मक्केत मुस्लिम शिक्षणावरील पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा यांतील शिक्षणाचा खरा वाचक शब्द कोणता यावर चर्चा झाली. मलेशियाचे विचारवंत सय्यद मुहम्मद नकीब अल्-अत्तास यांनी तादीबचा आग्रह धरला. त्यांच्या मते प्रत्येक गोष्टीचे योग्य स्थान ओळखणे आणि त्या ओळखीनुसार वागणे म्हणजे अदब, आणि ज्याला स्थान ओळखता येत नाही त्याच्याकडे माहिती असूनही ज्ञान नसते. तरबियत हा शब्द प्राणी आणि वनस्पती यांच्या वाढीलाही लागतो, म्हणून माणसाच्या शिक्षणाला तो अपुरा पडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. आपल्याकडे तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, नाटकाची तालीम म्हणजे प्रयोगापूर्वीचा सराव, वस्ताद हा उस्तादच, आणि अदबीने बोलणे हे तर रोजचेच. या शब्दांनी मराठीत येताना ज्ञानाचा कसरतीशी असलेला संबंध जपून ठेवला आहे, असे मला वाटते. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने तालीम, तरबियत आणि अदब या शब्दांचे आपल्या घरातले, आखाड्यातले किंवा शाळेतले वापर लिहावेत आणि मग अत्तास यांचे म्हणणे त्यांच्याशी ताडून पाहावे. अत्तास यांच्या मांडणीवर एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो: योग्य स्थान कोणी ठरवायचे, हा प्रश्न तीत गुरूच्या अधिकाराकडे झुकतो. तो आक्षेप वर्गात उपस्थित व्हायला हवा. कोणी काढला नाही तर वर्ग चालवणाऱ्याने काढावा.

लोकप्रिय वचनांची सनद तपासावी

या विषयावरील बहुतेक भाषणांमध्ये पैगंबरांची म्हणून तीच ती वचने, म्हणजे हदीसा, येतात. सनद म्हणजे ते वचन कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी. ‘ज्ञान मिळवा, मग ते चीनमध्ये का असेना’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. बाराव्या शतकातील हदीसतज्ज्ञ इब्न अल्-जौझी यांनी ते बनावट हदीसांच्या संग्रहात घातले आहे. ‘ज्ञान मिळवणे प्रत्येक मुस्लिमाचे कर्तव्य आहे’ हे इब्न माजा यांच्या संग्रहात आढळते. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याला जोडले जाणारे ‘आणि प्रत्येक मुस्लिम स्त्रीचे’ हे शब्द तेथे नाहीत. विद्वानांचे उत्तर असे की ‘मुस्लिम’ या शब्दात स्त्री आलीच, त्यामुळे अर्थ बदलत नाही. तरीही मूळ पाठ आणि त्याचा अर्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवण्यासाठी हे उदाहरण उत्तम आहे.

इज्तिहादच्या चर्चेत हमखास येणारी हकीकत पैगंबरांचे सहकारी मुआझ इब्न जबल यांची. पैगंबरांनी त्यांना येमेनला पाठवताना विचारले, निवाडा कशाने करशील? ते म्हणाले, कुरआनने. त्यात सापडले नाही तर? पैगंबरांच्या सुन्नतने, म्हणजे त्यांच्या आचार-उच्चारांच्या दाखल्याने. त्यातही सापडले नाही तर? मग मी माझ्या मताने पराकाष्ठा करीन. पैगंबरांना हे उत्तर आवडले. ही हकीकत तिर्मिझी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे, आणि गंमत अशी की स्वतः तिर्मिझी यांनीच तिची साखळी आपल्या दृष्टीने अखंड नसल्याचे नोंदवले आहे. पुढे अल्-खतीब अल्-बगदादी आणि इब्न अल्-कय्यिम यांच्यासारख्या विद्वानांनी तिचा बचाव केला. याउलट, निवाडा देणाऱ्याने पराकाष्ठेचा प्रयत्न केला आणि तो बरोबर ठरला तर त्याला दोन पुण्ये, चुकला तर एक, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोघांच्या संग्रहांत आहे. प्रामाणिकपणे केलेल्या चुकीलाही मोल आहे, हा शिक्षणाच्या दृष्टीने केवढा मोठा विचार आहे. म्हणून मुआझ यांच्या हकीकतीपेक्षा मी या हदीसेवर अधिक भर देतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीसाठी प्रत्येकाने एक आवडते वचन निवडावे आणि तीन ओळी लिहून आणाव्यात: ते कोणत्या संग्रहात आहे, जाणकारांनी त्याला कोणता दर्जा दिला, आणि दर्जा कमकुवत निघाला तर माझ्या मतातले काय कोसळते. तिसरी ओळ लिहिणे सर्वांत कठीण असते. आमच्या वर्गात एका सदस्याने वर्षानुवर्षे भाषणात वापरलेले वचन या तपासणीत टिकले नाही, आणि त्यानंतर तो काही काळ गप्प बसून राहिला. त्या शांततेला घाईने भरून काढू नये. अशा वेळी एक गोष्ट सांगावी. गझालींच्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या महाग्रंथातही कमकुवत हदीसा पुष्कळ आहेत, आणि चौदाव्या शतकात झैनुद्दीन अल्-इराकी यांनी त्यातील हदीसांची एकेक करून छाननी केली. त्या छाननीने ‘इह्या’चे वाचन थांबले नाही, उलट ती छाननी आता ग्रंथाच्या तळटिपांमध्ये छापली जाते.

गझाली गझालींच्या समोर ठेवावेत

अबू हामिद अल्-गझाली (१०५८–११११) १०९१ मध्ये बगदादच्या निझामिया मदरशात प्राध्यापक झाले आणि १०९५ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, ते पद सोडून निघून गेले. ‘अल्-मुन्किझ मिन अद्-दलाल’ या आत्मकथनात ते सांगतात की ख्रिस्ती मुले ख्रिस्ती, यहुदी मुले यहुदी आणि मुस्लिम मुले मुस्लिम म्हणूनच वाढतात हे पाहून, आईबापांकडून आणि गुरूंकडून आलेल्या समजुतींखाली माणसाची मूळ प्रकृती काय असते, असा प्रश्न त्यांना लहानपणीच पडला. नंतर त्यांनी इंद्रियांवरही संशय घेतला: तारा नाण्याएवढा दिसतो, पण गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. आणि तकलीदबद्दल ते म्हणतात की ती करणाऱ्याला आपण ती करतो आहोत हे ठाऊक नसेल तोवरच ती टिकते. ते कळले की तकलीदची काच फुटते आणि ती सांधता येत नाही.

आता त्याच गझालींच्या ‘इह्या’मधला ज्ञानाचा अध्याय उघडावा. तेथे विद्यार्थ्याची कर्तव्ये सांगताना ते म्हणतात की अडाणी रोग्याने निष्णात वैद्याच्या स्वाधीन व्हावे तसे शिष्याने गुरूच्या स्वाधीन व्हावे, आणि नवशिक्याने सुरुवातीलाच विद्वानांच्या मतभेदांत कान घालू नये. वहीचे पान मधोमध दुमडून डावीकडे ‘मुन्किझ’मधला उतारा आणि उजवीकडे ‘इह्या’मधला उतारा लिहावा. दोन्हींचा मेळ लगेच घालू नये. निदान एक आठवडा तसेच राहू द्यावे.

नंतरच्या बैठकीत साधारण तीन उत्तरे येतात. हा पायऱ्यांचा फरक आहे, नवशिक्याला एक नियम आणि प्रौढाला दुसरा, असे काहीजण म्हणतात. काहींच्या मते गझालींनी स्वतः घेतलेले स्वातंत्र्य इतरांना नाकारले. तिसरे उत्तर असे की नवशिक्याच्या मनाचा गोंधळ हा स्वतंत्र विचार नव्हेच. माझा कल पहिल्या उत्तराकडे आहे, परंतु त्यात एक भोक आहे आणि ते झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही: नवशिकेपण संपले हे ठरवण्याचा अधिकार गुरूकडेच राहिला, तर ते कधीच संपू नये अशी व्यवस्था होऊ शकते. पुष्कळ ठिकाणी, आणि केवळ मुस्लिम समाजातच नव्हे, नेमके तेच झाले आहे.

इब्न खल्दून यांची तीन आवर्तने

तुनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’, म्हणजे आपल्या इतिहासग्रंथाची प्रस्तावना, लिहिली. तिचा सहावा भाग ज्ञान आणि शिक्षण यांवर आहे आणि शिक्षकाने तो वाचलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते म्हणतात की कोणताही विषय तीन आवर्तनांत शिकवावा. पहिल्यात प्रत्येक प्रकरणाची मुख्य तत्त्वे थोडक्यात, दुसऱ्यात संपूर्ण विवेचन आणि त्यातील मतभेद, तिसऱ्यात एकही अवघड जागा न सोडता. मतभेद दुसऱ्या आवर्तनात येतात हे लक्षात घेतले की गझालींच्या सल्ल्याकडेही नव्याने पाहता येते. संक्षिप्त सारग्रंथांवर त्यांचा राग आहे. विद्यार्थ्याचे श्रम वाचवण्याच्या नावाखाली ते त्याच्यावर उलगडता न येणारे शब्द लादतात, असे त्यांचे म्हणणे. परीक्षेपुरत्या गाईडवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. कठोर शिक्षेने मूल खोटे बोलायला शिकते, त्याचे मन आकसते, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

परंतु आपल्या विषयाचा गाभा पुढे आहे. आपल्या काळातील माघरिबच्या, म्हणजे आजच्या मोरोक्कोच्या, मदरशांत विद्यार्थ्यांना सोळा वर्षे राहावे लागते, आणि तुनिसमध्ये पाच, अशी तुलना ते करतात. इतकी वर्षे का लागतात? कारण हे विद्यार्थी वर्गात गप्प बसतात, बोलत नाहीत, वाद करत नाहीत, आणि पाठांतरावर गरजेपेक्षा अधिक भर देतात. मग शिक्षण पूर्ण झाले असे वाटूनही बोलण्याची किंवा शिकवण्याची वेळ आली की त्यांची क्षमता तोकडी पडते. शास्त्रीय प्रश्नांवर बोलण्यासाठी आणि वाद करण्यासाठी जीभ मोकळी होणे हा ती क्षमता मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, असे ते सांगतात. या क्षमतेसाठी त्यांचा शब्द आहे मलका: सवयीने अंगात मुरलेले कौशल्य, पैलवानाच्या डावासारखे. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मुस्लिम न्यायाधीशाने मदरशांवर केलेली ही टीका, मदरशांवर बाहेरून टीका करणाऱ्यांनी आणि त्यांचा बचाव करणाऱ्यांनी, दोघांनीही वाचावी.

तेव्हा सहाव्या भागातील निवडक प्रकरणे याच तीन आवर्तनांत वाचावीत. तिसऱ्या आवर्तनात वर्ग चालवणाऱ्याने बोलू नये.

मुनाझरा प्रत्यक्ष कसा घ्यावा

तेराव्या शतकाच्या अखेरीस शम्सुद्दीन अस्-समरकंदी यांनी वादाचे नियम एका छोट्या ग्रंथात बांधले आणि त्यातून आदाब अल्-बह्स, म्हणजे चर्चेची रीत, हे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. भारतात सतराव्या शतकात जौनपूरच्या अब्दुर्रशीद यांनी लिहिलेला ‘रशीदिया’ हा या विषयावरील भाष्यग्रंथ मदरशांच्या दर्स-ए-निझामी या अभ्यासक्रमात शिकवला जात आला. म्हणजे ही आपल्याच उपखंडातली चालत आलेली विद्या आहे.

एकाने दावा मांडायचा, दुसऱ्याने प्रश्न करायचे. प्रश्नकर्त्याला तीनच चाली आहेत. पहिली मना: तुमच्या युक्तिवादातील अमुक पायरी मला मान्य नाही, तिचा पुरावा द्या. दुसरी नक्ज: तुमचा पुरावा खरा धरला तर त्यातून अमुक चुकीची गोष्टही सिद्ध होते, म्हणून त्यात दोष आहे. तिसरी मुआरजा: तुमच्या दाव्याच्या विरुद्ध दावा सिद्ध करणारा हा माझा पुरावा. टोमणा, वक्त्याचा हेतू, त्याची जात-जमात, त्याचे मागचे वर्तन यांपैकी काहीही या तिन्हींत बसत नाही, म्हणून ते बोलता येत नाही.

पहिल्या मुनाझऱ्यासाठी एक तयार विषय ‘मुकद्दिमा’तच आहे. अंदलुसियाचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे, काझी अबू बक्र इब्न अल्-अरबी यांनी सुचवले होते की मुलाला आधी भाषा आणि कविता शिकवावी, मग गणित, आणि त्यानंतर कुरआन, कारण अर्थ न कळता पाठ करवणे योग्य नाही. इब्न खल्दून ही सूचना उत्तम असल्याचे मान्य करतात, पण रूढी तिला अनुकूल नाही असे म्हणतात: मूल लहान असताना हाताशी असते, मोठे झाल्यावर शिक्षण सोडून गेले तर कुरआन राहूनच जाईल अशी पालकांना भीती असते. एकाने काझींचा दावा घ्यावा, दुसऱ्याने प्रश्न करावेत. ‘अर्थाशिवाय केलेले पाठांतर निरुपयोगी असते’ या पायरीवर मना येईल. ‘मग मुलांना पाढेही पाठ करवू नयेत काय?’ ही नक्ज होईल. पालकांच्या भीतीचा आधार घेऊन मुआरजा उभा राहील. वीस मिनिटांनी भूमिका बदलाव्यात. ज्याने आपल्या आवडीच्या मताविरुद्ध चांगला वाद केला त्याला त्या दिवशी खरे शिक्षण मिळाले, असे मी मानतो.

वृत्तीचे नियम मात्र गझालींकडून घ्यावेत. ‘इह्या’मध्ये त्यांनी मुनाझऱ्याच्या आठ अटी दिल्या आहेत. त्यांतली एक अशी की सत्य शोधणारा हा हरवलेली वस्तू शोधणाऱ्यासारखा असावा. ती आपल्या हाती लागली की सोबत्याच्या, याने त्याला फरक पडू नये, आणि समोरचा त्याला प्रतिस्पर्धी न वाटता मदतनीस वाटावा. दुसरी अशी की वाद चारचौघांत, बड्या लोकांसमोर करण्यापेक्षा खासगीत करणे अधिक पसंत असावे. तिसरी अट धाडसी आहे: वाद करणाऱ्याने स्वतःच्या बुद्धीने मत द्यावे, आणि सत्य दुसऱ्या पंथाच्या बाजूला दिसले तर आपल्या पंथाचे मत सोडून द्यावे. हरवलेल्या वस्तूच्या अटीच्या संदर्भात ते दुसरे खलिफा उमर यांची गोष्ट सांगतात: भर सभेत एका स्त्रीने त्यांची चूक दाखवली आणि ते म्हणाले, स्त्री बरोबर बोलली, पुरुष चुकला. या हकीकतीच्या सनदेवरही काही हदीसतज्ज्ञांचे आक्षेप आहेत. तिसऱ्या बैठकीत शिकलेले येथे वापरावे. आपल्या प्राचीन न्यायदर्शनात सत्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि नुसते खोडून काढणारी ती वितंडा, असा भेद आहे. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांना गझालींची तळमळ लगेच उमजेल.

स्वतःवरचा संशय

मुनाझरा दोन-तीनदा झाला की वर्गात एक धोका निर्माण होतो. सर्वांना चुका काढता येऊ लागतात आणि त्यातच आनंद वाटू लागतो. त्या वेळी इब्न अल्-हैसम यांच्याकडे वळावे. अकराव्या शतकातील या प्रकाशशास्त्रज्ञाने प्राचीन ग्रीक खगोलज्ञ टॉलेमी याच्यावरील शंकांच्या ग्रंथात लिहिले आहे की पूर्वसूरींच्या ग्रंथांवर विश्वास टाकणारा सत्यशोधक नव्हे. त्याने वाचलेल्या प्रत्येक गोष्टीचा विरोधक व्हावे, सर्व बाजूंनी तिच्यावर हल्ला करावा, आणि हे करताना स्वतःवरही संशय घ्यावा, म्हणजे तो पूर्वग्रहात किंवा ढिलाईत पडणार नाही. या सूचनेनुसार प्रत्येकाने आपल्याच मागच्या आठवड्यातील युक्तिवादावर मना आणि नक्ज लिहून आणावी.

वेळ असल्यास इब्न तुफैल यांची ‘हय्य इब्न यक्झान’ ही बाराव्या शतकातील कथाही वाचावी. निर्जन बेटावर हरिणीने वाढवलेला हय्य केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर सर्वोच्च सत्यापर्यंत पोहोचतो. वाचक सहसा येथेच थांबतात. परंतु पुढे तो वस्तीच्या बेटावर जाऊन लोकांना शिकवू पाहतो, लोक तोंड फिरवतात, आणि तो त्यांना रूढ मार्गावरच राहा असे सांगून परत फिरतो. शिक्षक म्हणून तो हरला की शहाणा ठरला, यावर एक पूर्ण बैठक द्यावी.

दरवाजा बंद झाला होता का?

चर्चेत कोणीतरी म्हणेलच की इज्तिहादचा दरवाजा हजार वर्षांपूर्वी बंद झाला. योझेफ शाख्त यांच्यासारख्या विसाव्या शतकातील अभ्यासकांनी ही समजूत पक्की केली. १९८४ मध्ये वाएल हल्लाक यांनी एका निबंधात तिला आव्हान दिले आणि नंतरच्या शतकांतही इज्तिहाद करणारे विद्वान होते हे दाखवले. आपल्याकडे अठराव्या शतकात दिल्लीचे विद्वान शाह वलीउल्लाह यांनी इज्तिहाद आणि तकलीद यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि कवी-विचारवंत इक्बाल यांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांत इज्तिहादला इस्लामच्या रचनेतील गतीचे तत्त्व म्हटले. दरवाजाचे रूपक कानावर पडले की विचारावे: कोणी बंद केला, कोणत्या विषयासाठी, आणि तो बंद असल्याचे म्हणणारा स्वतः कोणत्या अधिकाराने ते ठरवतो आहे?

एक मर्यादा मात्र पाळावी. वर्गात झालेला मुनाझरा हा फतवा नाही. कोणाच्या तलाकाचा, वारसाचा किंवा उपासाचा प्रत्यक्ष प्रश्न आला तर त्यावर तेथे निर्णय देऊ नये; त्या माणसाला जाणकाराकडे आणि गरज असल्यास वकिलाकडे पाठवावे.

शेवटच्या बैठकीत पहिल्या पानावरच्या चार गोष्टींसमोर प्रत्येकाने गझाली, इब्न खल्दून आणि अत्तास यांची उत्तरे लिहावीत, आणि त्यानंतर स्वतःचे उत्तर, त्याच्या पुराव्यासह. मग वह्यांची अदलाबदल करावी आणि शेजाऱ्याच्या उत्तरावर केवळ एक मना लिहून वही परत द्यावी. तिचे उत्तर घरी जाऊन शोधायचे आहे.